चेटकिणींचा नवा धर्म आणि इतिहासाचा आधार

गेल्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये एक नवा धर्म उभा राहिला. त्याचे अनुयायी स्वतःला 'विच', म्हणजे आपल्या बोलीत चेटकीण किंवा चेटक्या, असे म्हणवून घेतात आणि ते अभिमानाने म्हणवून घेतात. ज्या शब्दाचा ठपका ठेवून ख्रिस्ती युरोपने तीन शतके माणसे जाळली आणि फासावर लटकवली, तोच शब्द त्यांनी धर्माचे नाव म्हणून घेतला. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा नोंदवला, तर आणखी सुमारे १३ हजारांनी 'विक्का' असा.

दलित चळवळीतील वाचकाला हा विषय लांबचा वाटेल. पांढरपेशा इंग्रजांनी पौर्णिमेच्या रात्री रिंगण धरून नाचावे, याच्याशी आपले काय नाते? पण या धर्माचा इतिहास वाचताना दोन प्रश्न उभे राहतात आणि ते दोन्ही आपलेच आहेत. शिवी म्हणून दिलेले नाव स्वाभिमानाने धारण करण्याचा अधिकार कोणाचा? आणि ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांनी तो स्वतः लिहायला घेतला आणि त्यात चूक झाली, तर त्या चुकीचे काय करायचे? या प्रश्नांसाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

प्रथम शब्द पाहू. 'पेगन' हा शब्द लॅटिन 'पागानुस' वरून आला. 'पागुस' म्हणजे खेडे, शिवार. पागानुस म्हणजे खेडवळ, गावंढळ. ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्यात सत्तेवर बसला, तेव्हा जे जुन्या देवतांना चिकटून राहिले त्यांना हे नाव मिळाले. ते कसे रूढ झाले यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण त्यातला तुच्छतेचा वास लपत नाही. 'विच' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'विक्का' आणि 'विक्के' या रूपांवरून आला. पहिले पुल्लिंगी, दुसरे स्त्रीलिंगी. आज या धर्माला जे 'विक्का' नाव आहे, ते या जुन्या शब्दाचेच पुनरुज्जीवन होय. दोन्ही नावे दुसऱ्यांनी दिलेली, दोन्ही खाली ढकलणारी. ती उचलून कपाळावर लावली गेली ती विसाव्या शतकात.

आता ज्यांच्या नावाने हा धर्म उभा आहे, त्या बायका कोण होत्या? साधारणतः १४५० ते १७५० या तीन शतकांत युरोपात चेटकाच्या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसांना ठार करण्यात आले, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. जर्मन मुलुखांत त्यांना जाळले. इंग्लंडमध्ये जाळण्याची शिक्षा सहसा नव्हती. तिथे फाशी दिले जाई आणि तिथला एकूण आकडा सुमारे पाचशेच्या घरात आहे.

१६८२ साली डेव्हन परगण्यातील बिडेफर्ड या बंदराच्या गावातून टेम्परन्स लॉइड, मेरी ट्रेम्बल्स आणि सुझाना एडवर्ड्स या तिघींना एक्झीटरला नेऊन फाशी दिले. चेटकासाठी इंग्लंडमध्ये फासावर गेलेल्या शेवटच्या काही जणींत त्यांची गणना होते. तिघीही एकट्या, दरिद्री, मागून खाणाऱ्या. कुणा शेजारणीचे दुखणे, कुणाच्या अंगातली टोचणी, यांचा दोष त्यांच्यावर आला.

अशा खटल्यांचे कागद ॲलन मॅक्फार्लेन आणि कीथ थॉमस या दोन इतिहासकारांनी १९७० आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत बारकाईने तपासले. एसेक्स परगण्यातील खटल्यांत मॅक्फार्लेनला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. एक म्हातारी दारात येते. थोडे दूध, थोडे ताक, एखादा पाव मागते. घरची बाई तिला हाकलून देते. म्हातारी पुटपुटत निघून जाते. पुढे त्या घरातले मूल आजारी पडते किंवा गाय आटते. मग घरच्यांना ते पुटपुटणे आठवते. हाकलून देण्याने मनाला जी बोच लागलेली असते, तिचे रूपांतर आरोपात होते. दानधर्माची जुनी रीत मोडत होती, गरिबांचे काय करायचे हे गावाला कळत नव्हते, आणि त्या संकटात दारात उभी राहणारी बाईच गुन्हेगार ठरत होती.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिच्या लहानपणी ती आईबरोबर येसकराची भाकरी मागायला गावात जाई. ती सांगे, ज्या दारात भाकर मागितली, त्या घरची म्हैस आटली की पहिले बोट महारवाड्याकडे. एसेक्समधल्या म्हातारीची जात वेगळी, काळ वेगळा, आणि येसकराची भाकरी तर भीक नव्हे, राबणुकीचा हक्क होता. पण देणाऱ्याच्या मनातली भीती मी ओळखली. ज्याला आपण नागवतो, त्याच्या तळतळाटाची भीती नागवणाऱ्यालाच वाटते.

या स्त्रियांना कोणताही गुप्त धर्म नव्हता. त्या चर्चमध्ये जाणाऱ्या, आपल्या शेजाऱ्यांसारख्याच ख्रिस्ती होत्या. सैतानाशी करार, रात्रीच्या सभा, आकाशातून उडणे, हे सारे छळ करणाऱ्यांच्या डोक्यातून निघाले आणि हाल करून बळींच्या तोंडून वदवून घेतले गेले. नेमकी हीच गोष्ट पुढे विसरली गेली.

ती विसरायला लावणाऱ्यांत पहिले नाव मार्गारेट मरे यांचे. या विदुषींचा जन्म १८६३ साली कलकत्त्यात झाला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या इजिप्तविद्येच्या अध्यापक झाल्या. पहिल्या महायुद्धात इजिप्तला जाणे थांबले, तेव्हा त्या युरोपातील चेटकांच्या खटल्यांकडे वळल्या आणि १९२१ साली 'द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप' हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा सिद्धान्त असा : चेटकीण म्हणून मारलेली माणसे एका प्राचीन, ख्रिस्तपूर्व धर्माची अनुयायी होती, त्यांचा देव शिंगे असलेला होता आणि चर्चने त्यालाच सैतान ठरवले. सिद्धान्त मोहक होता. १९२९ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील या विषयावरची नोंदही मरेबाईंनीच लिहिली आणि ती अनेक दशके छापली गेली. पुढे पुरावे तपासले गेले, तेव्हा सिद्धान्त टिकला नाही. नॉर्मन कोन यांनी १९७५ साली दाखवून दिले की, बाईंनी कबुलीजबाबांतली अशक्य, अद्भुत वाक्ये गाळून तेवढाच शक्य वाटणारा भाग उद्धृत केला होता. म्हणजे छळकर्त्यांची कल्पना त्यांनी बळींचा धर्म म्हणून वाचली.

पण तोवर या सिद्धान्तावर एक धर्म उभा राहिला होता. त्याचा संस्थापक जेराल्ड गार्डनर. जन्म १८८४, लिव्हरपूलजवळच्या एका सधन लाकूडव्यापारी घराण्यात. हा गृहस्थ १९०० साली सिलोनच्या चहाच्या मळ्यांवर गेला, नंतर बोर्निओत आणि मलायात रबराच्या मळ्यांवर राहिला आणि तिथल्या इंग्रज सरकारच्या जकात खात्यात नोकरी करून १९३६ साली निवृत्त झाला. मलायी लोकांच्या क्रिस या खंजिरावर त्याने पुस्तकही लिहिले. इंग्लंडला परतल्यावर न्यू फॉरेस्ट भागातील चेटकिणींच्या एका जुन्या मंडळाने १९३९ साली आपल्याला दीक्षा दिली, असे तो सांगे. १९५१ साली १७३५ चा चेटूकविषयक कायदा रद्द झाला आणि १९५४ साली त्याने 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक काढले. प्रस्तावना मार्गारेट मरे यांचीच होती.

या कायद्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. १९५१ पर्यंत इंग्लंडमध्ये चेटूक हा गुन्हा होता, असे समजले जाते. वास्तविक १७३५ च्या कायद्यानेच चेटकासाठी खटले भरणे बंद केले होते. चेटकाची शक्ती असल्याचा बहाणा करणे एवढाच गुन्हा उरला होता. म्हणजे राज्ययंत्रणेने चेटकावरचा विश्वास सोडला, त्याला दोनशे वर्षे होऊन गेल्यावर हा धर्म जन्मला. जिवाचे भय संपल्यावर नाव घेतले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

आता या धर्माची तत्त्वे आणि परिभाषा थोडक्यात पाहू. विक्कामध्ये दोन दैवते मुख्य आहेत : एक देवी आणि एक शिंगे असलेला देव. देवी चंद्राशी जोडलेली, तिची कुमारिका, माता आणि वृद्धा अशी तीन रूपे. ही त्रिरूप देवी फार प्राचीन म्हणून सांगितली जाते; पण तिला आजचे रूप आले ते मुख्यतः रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या १९४८ सालच्या 'द व्हाइट गॉडेस' या ग्रंथामुळे. सैतानाला या धर्मात स्थान नाही, कारण सैतान ही ख्रिस्ती धर्माची कल्पना आहे, असे त्याचे अनुयायी म्हणतात. आणि ते बरोबर आहे.

उपासकांच्या मंडळाला 'कोव्हन' म्हणतात. परंपरेने तेरा जण, प्रत्यक्षात बहुधा कमी. प्रमुखपद पुजारिणीचे, तिच्या जोडीला पुजारी. प्रवेश दीक्षेने होतो आणि दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. विधीच्या आरंभी 'अथेमी' नावाच्या काळ्या मुठीच्या सुरीने हवेत रिंगण आखतात. तेच मंदिर, दगडविटांचे मंदिर लागत नाही. चार दिशांना चार तत्त्वे : पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. विधींची वही 'बुक ऑफ शॅडोज', म्हणजे छायांची पोथी. दीक्षा घेणाऱ्याने ती हाताने उतरून घ्यायची. पौर्णिमेच्या मेळाव्याला 'एस्बॅट' आणि वर्षातील आठ सणांना 'सॅबट' म्हणतात. ३१ ऑक्टोबरचा सामेन हा मृतांच्या स्मरणाचा सण, मे महिन्याच्या आरंभीचा बेल्टेन हा बहराचा, ऑगस्टच्या आरंभीचा लामास हा सुगीचा. दोन अयनदिन आणि दोन विषुवदिनही पाळतात. या आठांना मिळून 'वर्षचक्र' म्हणतात. एकेक सण जुना आहे, पण आठांचे हे एकत्र चक्र विसाव्या शतकात गार्डनरच्या वर्तुळात जुळवले गेले.

नीतीचा मुख्य नियम एकच : कोणाला इजा होत नसेल तर मनाप्रमाणे वागावे. दुसरी एक समजूत तिप्पट परतफेडीची आहे. जे कराल ते तिपटीने तुमच्याकडे परत येईल. बरेच अनुयायी पुनर्जन्मही मानतात. पुनर्जन्म आणि कर्म या कल्पना पश्चिमेत लोकप्रिय करण्यात थिऑसॉफिकल सोसायटीचा वाटा मोठा आणि तिचे ठाणे आपल्या देशात, मद्रासजवळ अड्यारला. आपल्या वाचकाचे कान इथे टवकारतील, आणि टवकारावेत. दुःख भोगणारा आपल्याच करणीचे फळ भोगतो, ही शिकवण पोटात घेऊन चातुर्वर्ण्य दोन हजार वर्षे जगले आहे. विक्कात जन्माची उतरंड नाही, हे खरे. पण परतफेडीचा नियम शब्दशः घेतला, तर बिडेफर्डच्या त्या तिघी कशाची परतफेड करत होत्या, याचे उत्तर द्यावे लागेल. मागील जन्माच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये का नाकारला, ते अशा वेळी नीट कळते.

गार्डनरच्या पोथीला आजची भाषा दिली ती डोरीन व्हॅलिएंट या स्त्रीने. तिने १९५३ साली दीक्षा घेतली. प्राचीन म्हणून दिलेल्या पोथीत ॲलिस्टर क्रोली या अलीकडच्या मांत्रिक लेखकाच्या ओळी आहेत, हे तिने ओळखले आणि गुरूला तोंडावर सांगितले. त्यावर तिलाच पुनर्लेखन करायला सांगण्यात आले. पुढे गार्डनरने स्त्रियांच्या वयाबद्दल आणि आज्ञापालनाबद्दल काही 'प्राचीन नियम' पुढे केले, तेव्हा तिने व तिच्या सहकाऱ्यांनी ते झुगारले आणि त्या बाहेर पडल्या. जुन्या पोथीच्या नावाने स्त्रीला वाकवण्याची युक्ती नव्या धर्मातही किती लवकर शिरते!

गार्डनर १९६४ साली वारला. धर्म मात्र फोफावला. ॲलेक्स सँडर्स हा दुसरा पुढारी आपल्याला आजीनेच लहानपणी दीक्षा दिली, असे सांगू लागला. घराण्याचा दाखला दिल्याशिवाय मोठेपण सिद्ध होत नाही, हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत स्त्रीमुक्ती चळवळीने चेटकिणीला बंडखोर स्त्रीचे प्रतीक केले. १९७९ साली स्टारहॉक यांचे 'द स्पायरल डान्स' आणि मार्गो ॲडलर यांचे 'ड्रॉइंग डाउन द मून' ही दोन महत्त्वाची पुस्तके निघाली. १९८६ साली तिथल्या एका अपील न्यायालयाने विक्का हा धर्म आहे असे मान्य केले, आणि २००७ साली सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर या धर्माचे पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरण्यास परवानगी मिळाली. पेगन पंथाच्या इतर शाखाही वाढल्या. ड्रुइड आहेत, उत्तर युरोपीय देवतांचे उपासक आहेत. आइसलँडमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या अशा एका मंडळाला पुढच्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली. पण याच शाखेतील काही अमेरिकी गटांनी हा धर्म गोऱ्या रक्ताचाच आहे असे म्हणायला सुरुवात केली. २०१६ साली अनेक देशांतील समानधर्मी संस्थांनी एकत्र येऊन त्याचा जाहीर निषेध केला. 'आमचा धर्म प्राचीन' या वाक्याला 'म्हणून आमचे रक्त वेगळे' ही शेपटी किती सहज जोडता येते, ते इथे दिसते.

चळवळीत एक आकडा फिरत राहिला : नव्वद लाख चेटकिणी जाळल्या गेल्या. या आकड्याचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन लेखकाने केलेल्या हिशेबात आहे. एका गावातल्या थोड्या नोंदी घेऊन त्याने त्यांचा साऱ्या युरोपाशी आणि अनेक शतकांशी गुणाकार केला. १८९३ साली मॅटिल्डा जोस्लिन गेज या अमेरिकी स्त्रीहक्कवादी लेखिकेने तो आकडा उचलला आणि तो रूढ झाला. हेतू प्रामाणिक होता. पण खोटा इतिहास एकट्या प्रामाणिक माणसाच्या मालकीचा राहत नाही. चेटकिणींचा छळ म्हणजे चर्चने जर्मन वंशावर केलेला अत्याचार, असे दाखवण्यासाठी नाझी हिमलरने १९३५ पासून पथक नेमून हजारो खटल्यांची टिपणे गोळा करवली होती. चाळीस हजार निरपराध माणसे मारली गेली, ही गोष्ट अंगावर काटा आणायला पुरेशी नाही काय? आकडा फुगवल्याने अन्याय मोठा होत नाही. एक शून्य खोटे ठरले की विरोधकाला सगळाच अन्याय खोटा म्हणायची सोय होते.

१९९९ साली रोनाल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकाराचा 'द ट्रायम्फ ऑफ द मून' हा ग्रंथ आला. विक्काचे घटक कुठून आले, हे त्यांनी दाखवले : एकोणिसाव्या शतकातले रोमँटिक काव्य, फ्रीमेसनांचे विधी, गूढविद्येची मंडळे, मरेबाईंचे ग्रंथ. धर्म विसाव्या शतकातला ठरला. काही अनुयायी संतापले. पण पुष्कळांनी ते मान्य केले. आमचा धर्म नवा आहे. त्याची किंमत वयावर नाही, तो आम्हाला कसे जगायला शिकवतो यावर आहे, असे ते म्हणू लागले. ॲडलर यांच्या पुस्तकात तर १९७९ सालीच अशी कबुली देणारे लोक भेटतात. इतिहासाचा टेकू काढला तरी धर्म कोसळला नाही.

आता आपल्याकडे पाहू. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी' त अवतारकथा आक्रमणाचा इतिहास म्हणून वाचल्या. बाहेरून आलेले आर्य आणि बळीचे राज्य, ही मांडणी त्यांनी अज्ञानात ठेवलेल्या समाजाच्या हाती शस्त्र म्हणून दिली. १९४६ साली बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांनी फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त पुराव्याअभावी फेटाळला. आज जनुकशास्त्राच्या उजेडात या प्रश्नाची चर्चा पुन्हा वेगळ्या वळणावर गेली आहे; तीही आपण उघड्या डोळ्यांनी वाचली पाहिजे. गुरूला वंदन आणि गुरूच्या मतास नकार एकाच पुस्तकात राहू शकतात, हा त्यातला खरा धडा. १९४८ च्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर बाबासाहेब मोकळेपणी सांगतात की, पुराव्याचे दुवे तुटले तिथे आपण तर्काने पूल बांधला आहे आणि तो तपासला जावा. मरेबाईंनी असे सांगितले नाही. तर्क दोघांनीही केला; एकाने तो तर्क म्हणून नोंदवला, दुसऱ्याने पुरावा म्हणून खपवला. आणि १९५६ साली नागपूरला धम्म दिला गेला, तेव्हा बावीस प्रतिज्ञा नव्याने रचून दिल्या गेल्या. त्या कुठल्या तरी गुहेत सापडल्या, असे सांगण्याची गरज बाबासाहेबांना वाटली नाही.

राहिला नावाचा प्रश्न. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तेव्हा 'दलित' हे नाव घेणाऱ्यांच्या पाठीवर ते नाव आधीच उमटलेले होते. गार्डनरच्या पाठीवर काय होते? जकात खात्याचे निवृत्तिवेतन. त्याने व त्याच्या अनुयायांनी ते नाव घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. चर्चच्या आणि पुरुषसत्तेच्या विरोधात त्या नावाने काही स्त्रियांना बळ दिले, हे नाकारता येणार नाही. पण ज्या दिवशी लंडनची सुशिक्षित बाई 'मी चेटकीण' असे हौसेने म्हणते, त्याच दिवशी सातपुड्यातल्या पाड्यावर एखाद्या विधवेला 'डाकीण' ठरवून गावाबाहेर काढले जाण्याची भीती संपलेली नसते. बिहारने १९९९ साली, छत्तीसगडने २००५ साली अशा छळाविरुद्ध कायदे केले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या, आणि मग त्याच वर्षी तो कायदा झाला. डाकीण ठरवलेल्या बाईला ते नाव अभिमानाने घेता येत नाही. तिला जिवंत राहायचे असते. आणि तिचा आरोप आजही तसाच सुरू होतो : कुणाचे मूल आजारी, कुणाचे ढोर मेले, आणि एकटी बाई, जिच्या नावावर कदाचित जमिनीचा तुकडा आहे.

म्हणून माझे विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आज लिहून घ्या, कारण उद्या त्या ऐकायला मिळणार नाहीत. लिहिताना पुरावा कोणता, ऐकीव काय आणि आपला तर्क कोणता, हे त्याच पानावर वेगवेगळे नोंदवा. माझ्या आजीचे म्हशीचे वाक्य मी तसेच नोंदवले आहे : तिने सांगितले, मी ऐकले, गावचा कागद मी अजून पाहिलेला नाही. तो शोधणे हे माझे काम आहे.